बॉल पुन्हा बाहेर जायला लागला? पॉवर की कंट्रोल हे ठरवण्याआधी काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. टेनिसची नवी रॅकेट घेतली, पहिले काही आठवडे मस्त गेले, हात मोकळा सुटत होता, बॉल आत पडत होता. मग हळूहळू फोरहँड बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, पलीकडे जायला लागला. "ही रॅकेट फार पॉवरची निघाली, कंट्रोलची घ्यायला हवी होती" असा निष्कर्ष निघतो. पुण्याला कुणी जाणार असेल तर त्याच्याकरवी, नाहीतर ऑनलाइन, दुसरी मागवली जाते. ती आली की पुन्हा काही आठवडे मस्त आणि पुन्हा तेच रडगाणं. काहींची तक्रार उलटी असते. कंट्रोलची म्हणून घेतलेल्या रॅकेटने पूर्ण ताकदीनं मारलं तरी बॉल सर्व्हिस बॉक्समध्येच, म्हणजे नेटजवळच्या चौकोनातच, पडतो आणि तासाभरात खांदा भरून येतो.

सोलापुरात माझ्याकडे गटिंगसाठी, म्हणजे जाळीच्या तारा (स्ट्रिंग) नव्यानं ओवून घेण्यासाठी, रॅकेट येतात, आणि त्यांच्याबरोबर हीच तक्रार येते. रॅकेट बदलली की खेळ सुधारतो हे खरं आहे. पण तो कशामुळे सुधारला, हे कुणी तपासत नाही. नव्या रॅकेटबरोबर नवं गटिंग येतं, नवी ग्रिप येते आणि बहुतेक वेळा त्या उत्साहात बॉलचा नवा डबाही फोडला जातो. दीड-दोन महिन्यांत हे तिन्ही जुनं होतं आणि दोष जातो फ्रेमच्या, म्हणजे रॅकेटच्या सांगाड्याच्या, माथी. टायर गुळगुळीत झाले म्हणून कुणी गाडी विकायला काढत नाही. रॅकेटच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो, आणि पंधरा-वीस हजारांची फ्रेम कपाटावर जाते.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा: आधी बॉल आणि ग्रिप, मग गटिंग, मग टेन्शन (स्ट्रिंगचा ताण), आणि फ्रेम सगळ्यात शेवटी.

बॉल नक्की कुठे पडतोय?

"बाहेर जातोय" एवढ्यावर काहीच कळत नाही. कुणाला तरी समोरून बॉल द्यायला सांगा, नेहमीच्या वेगानं क्रॉसकोर्ट मारा, आणि तिसऱ्या माणसाला बेसलाइनच्या मागे उभं करून प्रत्येक बॉल कुठे पडला ते बघायला सांगा. स्वतः मारणाऱ्याचा अंदाज फसवा असतो. त्याला बाहेर गेलेलेच बॉल आठवतात.

दिशा बरोबर आहे, पण बॉल बेसलाइनच्या पलीकडे फूटभर ते मीटरभर जातोय, आणि सातत्यानं जातोय, तर तो खोलीचा, म्हणजे बॉल किती लांब पडतो याचा, प्रश्न आहे. पॉवर जास्त होतेय असं म्हणायला जागा आहे ती फक्त इथे. बॉल डावी-उजवीकडे विखुरत असेल तर त्याचा पॉवरशी संबंध नाही. बॉल स्ट्रिंगच्या मध्यावर लागत नाहीये किंवा उशिरा लागतोय. अशा खेळाडूनं कंट्रोलच्या नावाखाली लहान डोक्याची (जाळीचा भाग लहान असलेली) रॅकेट घेतली तर विखुरणं आणखी वाढेल, कारण लहान डोक्याची फ्रेम कडेला बॉल लागला की हातात जास्त वळते. नवशिक्याला कंट्रोल मिळतो तो मोठ्या डोक्याच्या रॅकेटमधूनच. हे ऐकायला उलटं वाटतं, पण कोर्टवर रोज दिसतं.

एक बॉल बाहेर, दुसरा नेटमध्ये, तिसरा झकास, चौथा पुन्हा बाहेर, असं काहीच सूत्र दिसत नसेल तर संशय दोनच गोष्टींवर घ्यायचा: हातात फिरणारी ग्रिप आणि मेलेलं पॉलिएस्टर, म्हणजे पॉलिएस्टरच्या जीव गेलेल्या स्ट्रिंग. दोन्हींबद्दल पुढे आहे. आणि सगळेच बॉल नेटमध्ये जात असतील तर रॅकेटला हातही लावू नका. कोचला दाखवा.

सकाळचा खेळ आणि संध्याकाळचा खेळ

हा भाग सोलापूरकरांनी नीट वाचावा, कारण पुण्या-मुंबईकडचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. टेनिसच्या बॉलची अधिकृत चाचणी २० अंश सेल्सियसला होते. २५४ सेंटिमीटरवरून कडक पृष्ठभागावर सोडलेला बॉल १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर सहज जातो. पाच वाजता कोर्टवर उतरलं तरी सिमेंट तापलेलंच असतं. बॉलच्या आतली हवा तापते, दाब वाढतो, उसळी वाढते. बाहेरची हवाही विरळ होते. २० वरून ४२ अंशांवर गेलं की हवेची घनता सुमारे ७ टक्क्यांनी घटते, म्हणजे बॉलला अडवणारी हवाच कमी. त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. सगळं मिळून तोच फटका मे महिन्यातल्या संध्याकाळी लांब जातो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या गार पहाटे, तोच फटका आखूड पडतो.

म्हणून कुणी मे महिन्यात "फार पॉवर आहे" म्हणून रॅकेट बदलायला निघाला, की मी आधी विचारतो, सकाळी सहाला खेळून पाहिलंत का? सकाळी बॉल आत आणि संध्याकाळी बाहेर, असं असेल तर फ्रेम निर्दोष आहे. उन्हाळ्यापुरतं टेन्शन दोन पौंड वाढवा आणि थंडीत पुन्हा उतरवा. बस्स.

बॉलचंही बघा. सिमेंटवर बॉलची लव लवकर जाते. टक्कल पडलेल्या बॉलला हवा कमी अडवते आणि स्ट्रिंगची पकडही कमी मिळते. म्हणजे स्पिन कमी आणि उड्डाण लांब. याउलट डबा फोडून बरेच दिवस झालेल्या, पण लव शाबूत असलेल्या बॉलचा दाब गेलेला असतो. तो उसळतच नाही आणि रॅकेट "मेल्यासारखी" वाटते. सरावाच्या टोपलीत दोन्ही प्रकारचे बॉल मिसळलेले असतात, शिवाय काही बिनदाबाचे, जे मुळातच टणक लागतात. अशा टोपलीवर रॅकेटची परीक्षा घेऊ नका. परीक्षेपुरता एक नवा डबा फोडा.

ग्रिप

थोडक्यात सांगतो. घामानं ग्रिप फिरली की फटक्याच्या क्षणी रॅकेटचं तोंड जरासं वर उघडतं आणि बॉल सरळ मागच्या जाळीवर. आपल्याला वाटतं पॉवर जास्त झाली. ओव्हरग्रिप (मुठीवर वरून गुंडाळायची पातळ पट्टी) चकचकीत झाली, बोटांच्या जागी काळी पडली की बदला. उन्हाळ्यात रोज खेळणाऱ्याला ती आठवड्याला बदलावी लागली तरी आश्चर्य नाही. बॅगेत टॉवेल ठेवा आणि तो प्रत्येक गेमनंतर वापरा. आपल्या गावात चांगल्या टेरी टॉवेलची कमतरता नाही. ग्रिपचा आकार लहान असला तरी मूठ जास्त आवळावी लागते आणि हाताची सहज हालचाल जाते. रॅकेट नेहमीसारखी धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. मावतच नसेल तर ग्रिप लहान आहे, आणि एक ओव्हरग्रिप वरून चढवली की काम भागतं. मधे फट उरत असेल तर ग्रिप मोठी आहे.

गटिंग: नव्वद टक्के वेळा दुखणं इथे असतं

नव्वद हा माझ्या हातांचा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण मी त्यावर ठाम आहे.

अकरावीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. "काका, बॉल लई बाहेर जायलालाय. कंट्रोलवाली घ्यायची का?" वडिलांचा हात खिशाकडे गेलेलाच होता. "सर, पोराचा खेळ बिघडू नये, कोणती घ्यायची तेवढं सांगा." त्याच्या हातातली रॅकेट उत्तम होती. १०० चौरस इंचाचं डोकं, ३०० ग्रॅम, त्या वयाच्या जोरदार मारणाऱ्या मुलाला अगदी योग्य. मी त्याला मधल्या दोन उभ्या स्ट्रिंग बोटांनी बाजूला सारायला सांगितल्या. सारल्या, सोडल्या, आणि त्या तिथेच राहिल्या. आडवी स्ट्रिंग जिथे उभीला ओलांडते तिथे करवतीनं कापल्यासारखी खाच पडली होती. नखाला लागेल इतकी खोल. गटिंग कधी केलं होतं, विचारलं. तुटलं नाही म्हणून केलंच नव्हतं.

"तुटलं नाही म्हणून केलं नाही" हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि बॉल बाहेर जाण्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे. टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेनं फिरकी देणारा फटका) मारताना उभ्या स्ट्रिंग बॉलबरोबर बाजूला सरकतात आणि झटक्यानं परत जागेवर येतात. त्या परतीच्या झटक्यानं बॉलला जास्तीचा स्पिन मिळतो आणि तो बेसलाइनच्या आत खाली वळतो. खाचा पडल्या की स्ट्रिंग अडकून बसतात. झटका गेला, स्पिन घटला, बॉल खाली वळेना. फटका तोच, ताकद तीच, आणि बॉल दोन फूट बाहेर. पॉलिएस्टरमध्ये हे जास्त ठळकपणे होतं. पॉलिएस्टर तुटत नाही, पण मरतं. गटिंग केल्यावर पहिल्याच दिवसात त्याचं टेन्शन बरंच उतरतं, आणि वीसेक तासांच्या जोरदार खेळानंतर त्यात जीव राहत नाही. नायलॉनचं साधं गटिंग जास्त दिवस बरं राहतं, पण त्यालाही आयुष्य आहे. जुना ठोकताळा असा आहे की आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून निदान तितक्या वेळा गटिंग बदला. पॉलिएस्टर वापरणाऱ्यानं त्याहून लवकर.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे: उन्हात उभी केलेली गाडी. पार्क चौकात काम आहे म्हणून दुपारी गाडी लावली, किट मागच्या सीटवर, काचा बंद. आत भट्टी होते. स्ट्रिंग त्या उष्णतेत ढिली पडते आणि गाडी गार झाली तरी गेलेलं टेन्शन परत येत नाही. दोन-चार वेळा असं झालं की नवं गटिंगही जुनं होतं. बॉलचा डबासुद्धा तिथे ठेवू नका. किट घरात न्या, दुकानात न्या, ऑफिसात टेबलाखाली ठेवा.

त्या मुलाला मी नवं गटिंग करून दिलं, पूर्ण पॉलिएस्टरऐवजी उभ्या स्ट्रिंग पॉलिएस्टरच्या आणि आडव्या नायलॉनच्या. त्याचे वडील दुसऱ्या आठवड्यात फोनवर बोलले तेव्हा नव्या रॅकेटचा विषयही निघाला नाही.

टेन्शन सांगताना आकडा सांगा

"जरा टाईट करा" म्हणजे किती? गटिंग करणाऱ्यानं ते कसं ओळखायचं? फ्रेमवर टेन्शनची मर्यादा छापलेली असते, बहुधा ५० ते ५९ पौंडांच्या आसपास. काही मशीनवर आकडे किलोत असतात. एक किलो म्हणजे २.२ पौंड. आधीचा आकडा माहीत नसेल तर छापलेल्या मर्यादेच्या मध्यापासून सुरुवात करा. पॉलिएस्टर असेल तर मध्यापेक्षा दोन-तीन पौंड खालून.

यामागचं कारण समजलं की गोंधळ कमी होतो. वर उसळीचे आकडे दिले, त्यावरून दिसेल की बॉल स्वतः चेपला जाताना जवळपास निम्मी ऊर्जा गमावतो. स्ट्रिंगचं तसं नाही. ताणताना घेतलेली बहुतेक ऊर्जा ती परत देते. गटिंग सैल असेल तर बॉलऐवजी स्ट्रिंग जास्त वाकते, ऊर्जा कमी वाया जाते. घट्ट असेल तर बॉल जास्त चेपतो. खरं तर वेगातला हा फरक थोडाच असतो. मोठा फरक पडतो तो खोलीत. बॉल स्ट्रिंगवर चार-पाच मिलिसेकंद टिकतो, आणि सैल गटिंगवर किंचित जास्त. तेवढ्या वेळात रॅकेट वर जात असते, म्हणून बॉल जरा उंच कोनातून सुटतो आणि खोल पडतो.

तर, बॉल थोडासा बाहेर जातोय आणि गटिंग नवं आहे, तर दोन पौंड वाढवा. बॉल आखूड पडतोय तर दोन पौंड कमी करा. एका वेळी दोनच. एकदम सहा पौंडांची उडी मारली तर नक्की कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही. आणि गटिंगची तारीख, स्ट्रिंगचं नाव, पौंड हे एका चिकटपट्टीवर लिहून रॅकेटच्या गळ्याच्या आतल्या बाजूला लावा. ही पट्टी मी प्रत्येक रॅकेटला लावतो. पुढच्या वेळी बोलणं आठवणीवर न राहता आकड्यांवर होतं.

जाता जाता: स्ट्रिंगमध्ये अडकवायच्या रबरी डॅम्पनरनं पॉवर बदलत नाही, कंट्रोलही बदलत नाही. आवाज बदलतो. आवाज आवडत असेल तर जरूर लावा.

आता फ्रेम

नवा बॉल, सुकी ग्रिप, ताजं गटिंग, टेन्शन वर-खाली करून पाहिलं, आणि तरीही तक्रार तशीच असेल, तर मग फ्रेमकडे वळायला हरकत नाही.

रॅकेटच्या गळ्यात आतल्या बाजूला बारीक अक्षरात आकडे असतात. डोक्याचा आकार चौरस इंचात: ९५ ते ९८ कंट्रोलकडे झुकणारा, १०० मधला, त्याच्या वर पॉवरकडे. वजन बिनगटिंगचं असतं. गटिंगचे १५ ते १८ ग्रॅम आणि ओव्हरग्रिपचे पाचेक ग्रॅम त्यात धरावे लागतात, म्हणजे ३०० ची रॅकेट हातात येते तेव्हा ३२० च्या पुढे गेलेली असते. गटिंगची जाळी १६ उभ्या १९ आडव्या अशी मोकळी असेल तर स्पिन आणि उड्डाण जास्त. १८ आणि २० अशी दाट असेल तर बॉल खालच्या कोनातून आणि जास्त एकसारखा सुटतो. फ्रेमची जाडी बाजूनं बघितल्यावर दिसते. १८ ते २२ मिलिमीटरची सडपातळ फ्रेम फटक्याच्या वेळी वाकते आणि थोडी ऊर्जा खाते. २३ ते २६ ची जाड फ्रेम ताठ राहते आणि ऊर्जा बॉलला परत देते. सगळी पॉवर-कंट्रोलची भानगड मुळात इतकीच आहे: फ्रेम किती वाकते, डोकं किती मोठं, जाळी किती मोकळी, वजन कुठे.

वजन कुठे, हे घरीच तपासता येतं. नेहमीची रॅकेट २७ इंचांची असते, म्हणजे मध्य येतो ३४.३ सेंटिमीटरवर. तिथे खूण करा आणि रॅकेट पट्टीच्या कडेवर तोला. तोल मध्यापेक्षा मुठीकडे आला तर डोकं हलकं, दुसरीकडे गेला तर डोकं जड. कंट्रोलच्या रॅकेट बहुधा एकूण वजनानं जड आणि डोक्यानं हलक्या असतात. हलक्या वजनाच्या पॉवर रॅकेटमध्ये तोल डोक्याकडे सरकवलेला असतो, नाहीतर बॉलला धक्काच बसणार नाही.

उदाहरणं घ्यायची तर बाबोलाटची प्युअर ड्राइव्ह ही पॉवर रॅकेटचा नमुना आहे: १०० चौरस इंच, ३०० ग्रॅम, १६/१९, मध्यभागी २६ मिलिमीटर जाड. विल्सनची ब्लेड ९८ ही कंट्रोलकडची: ३०५ ग्रॅम, सडपातळ, आणि १६/१९ व १८/२० अशा दोन्ही जाळ्यांत मिळते. वजनात फरक पाचच ग्रॅमचा, पण हातात दोन्ही अगदी वेगळ्या लागतात. नाव बघून मात्र घेऊ नका. बाबोलाटच्या प्युअर एरोमध्येच १०० ची आणि ९८ ची अशा दोन वेगळ्या रॅकेट आहेत. नदाल १०० ची वापरायचा, अल्काराझ ९८ ची वापरतो. दुकानदारानं फक्त "प्युअर एरो" म्हणून हातात ठेवली तर गळ्यातला आकडा वाचा.

मोठ्या खेळाडूंची रॅकेट मागणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट. फेडररनं आयुष्यातला मोठा काळ ९० चौरस इंचाच्या रॅकेटवर काढला, आणि २०१४ मध्ये तोही ९७ वर आला. त्याच्या नावानं विकली गेलेली ९७ ची रॅकेट बिनगटिंगची ३४० ग्रॅमची होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात ती दिली तर पहिल्या सेटनंतर तो सर्व्हिसला हात वर नेईनासा होतो. शिवाय दूरदर्शनवर दिसणारी रॅकेट आणि दुकानातली रॅकेट यांचा रंग एक असला तरी आतली फ्रेम एक असेलच असं नाही. व्यावसायिक खेळाडूंच्या फ्रेम अनेकदा वेगळ्या असतात आणि वरून फक्त नव्या मॉडेलचा रंग दिलेला असतो. सोलापुरात कुमठा नाक्याच्या कोर्टवर आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) महिलांच्या स्पर्धा झाल्या, तेव्हा तिथे जाऊन खेळाडूंच्या बॅगा जवळून बघण्याची संधी आपल्या मुलांना मिळाली. एका खेळाडूच्या बॅगेत चार-पाच सारख्या रॅकेट असतात, कारण गटिंग सामन्यागणिक बदललं जातं. मुलांनी शिकायचं ते हे.

मग कुणी काय घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे सकाळी डबल्स खेळणारे जे पन्नाशी-साठीचे काका लोक आहेत, त्यांचा स्विंग आखूड आहे, व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला बॉल) आणि लॉब (उंच उडवलेला बॉल) जास्त. त्यांनी १०० ते १०७ चौरस इंचाची, २७० ते २९० ग्रॅमची पॉवर रॅकेट बिनधास्त घ्यावी. मोठ्या डोक्याची लाज वाटायचं कारण नाही. १९७६ मध्ये हॉवर्ड हेडनं प्रिन्स कंपनीची ११० चौरस इंचाची रॅकेट आणली तेव्हा लोक हसले होते, पण आज सगळ्या रॅकेट त्याच दिशेनं सरकलेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या, अजून फटके बसवणाऱ्या माणसालाही १०० ची मधली रॅकेटच योग्य. कंट्रोलची फ्रेम त्यानं घ्यावी ज्याचा स्विंग लांब आणि वेगवान आहे, बॉल बहुतेक वेळा मध्यावर लागतो, आणि ताज्या गटिंगवर, वाढवलेल्या टेन्शनवरही बॉल बेसलाइनच्या पलीकडेच जातो. अशा खेळाडूकडे पॉवर स्वतःची असते, ती आवरणारी फ्रेम त्याला हवी. ज्याच्याकडे ती नाही त्याला कंट्रोलची रॅकेट आखूड बॉल आणि दुखरा खांदा यापलीकडे काही देणार नाही.

हात दुखत असेल तर

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय, चहाचा कप उचलताना कळ येते, दार उघडताना येते, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. ताठ पॉवर फ्रेम, जुनं पॉलिएस्टर आणि जास्त टेन्शन हे त्रिकूट कोपराला सर्वांत वाईट. पॉलिएस्टर काढा, मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ स्ट्रिंग) किंवा साधं नायलॉन घाला, टेन्शन चार-पाच पौंड उतरवा. इथे दोन-दोनचा नियम मी पाळत नाही. खेळ काही दिवस थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. अठरा वर्षांखालच्या मुलांना पूर्ण पॉलिएस्टरचं गटिंग देण्याच्या मी विरोधात आहे. त्याचा फायदा मिळण्याइतका वेगवान स्विंग फार थोड्यांचा असतो, आणि धक्के मात्र सगळ्यांच्याच हाताला बसतात.

पैसे देण्याआधी

जुनी रॅकेट टाकण्यापूर्वी लेड टेपचा प्रयोग करा. शिशाची चिकट पट्टी, दोन-तीन ग्रॅम, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी सारखी वाटून चिकटवायची. कडेला लागलेल्या बॉलवर रॅकेट कमी वळते आणि बॉल विखुरणं कमी होतं. बॉल आखूड पडत असेल तर तीच पट्टी बाराच्या जागी लावा, फटक्यात वजन येतं, पण एका वेळी दोन ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. पट्टी लावल्यावर हात धुवा, शिसं आहे ते.

नवीच घ्यायची ठरली तर कुणाची तरी मागून खेळा. सोलापुरात टेनिस खेळणारे एकमेकांना ओळखतात, रॅकेट मागितली तर नाही कुणी म्हणत नाही. पण तुलना करताना दोन्ही रॅकेटचं गटिंग साधारण एकाच वयाचं आणि एकाच टेन्शनचं असू द्या, नाहीतर तुम्ही फ्रेमची नव्हे, गटिंगची तुलना कराल. नुसतं बेसलाइनवरून टोलवू नका. सर्व्हिस करा, समोरच्याची जोरदार सर्व्हिस परत करा, नेटवर जा, पॉइंट खेळा. आणि शेवटचा अर्धा तास दमलेले असताना खेळा. पहिल्या दहा मिनिटांत जड रॅकेट सगळ्यांनाच आवडते.

सेकंडहँड घेत असाल तर तिचं गटिंग काढलेलं असेल तेव्हा बघा. डोक्याच्या बाराच्या आणि दोनच्या जागी रंगाखाली केसासारखी भेग आहे का, ते नखानं तपासा. प्लास्टिकच्या ग्रोमेट (स्ट्रिंगच्या भोकांतल्या नळ्या) तुटलेल्या असतील तर स्ट्रिंग फ्रेमच्या कडेवर घासून लवकर तुटते. ग्रोमेट वेगळ्या मिळतात, पण जुन्या मॉडेलच्या मिळतीलच असं नाही, म्हणून त्या आधी शोधा आणि मगच पैसे द्या. फ्रेम तळहातावर हलकेच आपटा. आतून खुळखुळ आवाज आला तर आत एखादा तुकडा सुटलेला आहे. तो नुसता गोंदाचा तुकडा असू शकतो, पण विकणाऱ्याला ते नीट सांगता आलं नाही तर ती रॅकेट घेऊ नका.